सुभेदारांच्या रक्ताचा नकाशा

सांगलीतल्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं लोकांच्या वंशावळी काढायचं काम केलं. मी मूळची जतची. सायन्सची पदवी होती, पण पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून सात नळ्या फुटल्या, तेव्हा आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी मला नळ्यांपासून उचललं आणि माणसांकडं पाठवलं.

मॅडमचं संशोधन थॅलेसेमियावर होतं. या आजारात आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेला जीन आला, तर बाळाच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. मग जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहायचं. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत असतो, नुसता वाहक. त्याला ते आयुष्यभर कळतही नाही. मॅडम म्हणायच्या, आम्ही शिकत होतो तेव्हा पेशींचा आकार बघायचो, आलेख काढायचो, झालं. आता जीन अक्षर न् अक्षर वाचता येतो. चूक नेमकी कुठल्या अक्षरात आहे, ती कुठल्या गावांतून फिरतेय, आणि तीच चूक असून एका पोराला दर महिन्याला रक्त लागतं तर दुसरं कबड्डी कसं खेळतं, हे सगळं जग शोधतंय. "पण यंत्राला आत्या-मामा कळत नाहीत," त्या म्हणायच्या. "ते तू विचारून आण."

पलूसजवळच्या एका गावातली एक सून गरोदरपणाच्या तपासणीत वाहक निघाली. नववा आठवडा चालू होता. नवरा फौजेत होता. त्याला तिकडंच तपासणी करायला सांगितलं आणि मला वंशावळ काढायला त्यांच्या घरी धाडलं.

घराभोवती ऊस, घर सिमेंटचं, आणि दारात सासरे उभे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावात सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. मी कागद पसरला आणि नियम सांगितला, की पुरुष चौकोनी, बाई गोल, आणि जो वाहक असेल त्याची आकृती अर्धी काळी.

"ह्ये बरोबर हाय," सुभेदार म्हणाले. "गडी चौकोनीच पायजे."

"आवं, त्या कागदाचं सांगत्यात," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या. यांना पुढं मी सासूबाई म्हणते.

नकाशा बघायची सवय असल्यामुळं सुभेदारांनी कागद आपल्याकडं फिरवून घेतला. मग मी उलट्या बाजूनं लिहायला लागले. त्यांची एक बहीण, वाईला दिलेली. सासूबाईंचं माहेर वाई. सुनेचं माहेर वाई. मी तीन वेळा वाई लिहिलं आणि मला काही वाटलं नाही. वाई काय लहान गाव आहे?

"लग्न नात्यात झालंय का?" मी फॉर्ममधला प्रश्न विचारला.

"नात्यात कशाला, घरातलंच हाय," सुभेदार म्हणाले. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, "मामा, कप धरा" म्हणाली, मला बशी दिली, आत्यांना आत नेऊन दिला. मी 'नाही' वर खूण केली आणि चहा प्याले.

आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीतच आहे. मीही माझ्या सासऱ्यांना मामा म्हणते, आणि आमचं लग्नाआधी काडीचं नातं नव्हतं.

चार दिवसांनी मुलाचा रिपोर्ट आला. तोही वाहक. मी परत गेले. सुनेला समजावून सांगायचं काम माझंच होतं. मी चार चौकोन काढले आणि सांगितलं, की प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याचा धोका चारात एक असतो. तिनं चारही चौकोनांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "ताई, आपला कुठला, ते कवा कळंल?" पुण्याला वारेचा बारीक तुकडा काढून तपासता येतो, पंधरवड्यात कळेल, असं मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि पदरानं टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

बाहेर सुभेदारांनी निकाल लावून टाकला होता.

"पोराला ह्ये हिच्याकडनं आलंय. हिच्या माहेरची मान्सं पैल्यापास्नं फिकट."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि या काळात मुलाची उंची, त्याचं टक्कल, धाकट्या मुलीचा चष्मा, एका गायीचा मारकेपणा, हे सगळं त्यांच्या माहेरहून आलं होतं. गाय खरंच माहेरहून आली होती, एवढं त्यांना कबूल होतं.

"बाई, माजं रगत घ्या," त्या मला म्हणाल्या.

माझ्याबरोबर रक्त काढायला आलेल्या सिस्टरनं लगेच नळी भरली. सुभेदारांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय हुतंय? फौजेनं माजी धा येळा तपासणी केलीय. आमच्या रक्तात खोट न्हाई."

पुढच्या खेपेला मी सासूबाईंचा रिपोर्ट घेऊन गेले. अगदी स्वच्छ. त्यांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. सुभेदार अंगणात पाइप धरून उभे होते, म्हणून त्यांनी परत वाचायला लावला. दुपारी त्या स्वतः पलूसला गेल्या, रिपोर्टला प्लास्टिकचं कव्हर घालून आणलं आणि देवघराशेजारी, लाइटच्या बटणाच्या वर लावला. आता दिवा लावायला जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचणं भाग होतं.

मुलाचा जीन कुणाकडून तरी आलेला होता. सासूबाई सुटल्या, तेव्हा एकच माणूस उरत होता, आणि तो अंगणात केळीला तिसऱ्यांदा पाणी घालत होता.

"सुभेदार, हात द्या," सिस्टर म्हणाली.

"तुमची झालीय का तपासणी?" त्यांनी मला विचारलं.

झाली नव्हती. दोन वर्षं मी घरोघर तपासणीचं महत्त्व सांगत फिरत होते आणि माझं कुणी विचारलंच नव्हतं. सुभेदारांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"अदुगर तुमी. अफसर फुडं चालतो."

मी बाही वर केली. सुई बघितली आणि डोळे मिटले. पुढचं मला आठवतं ते सासूबाईंनी नाकाशी धरलेला कांदा. मी खुर्चीतून अर्धी घसरले होते आणि सुभेदारांनी माझी मान धरली होती. बाई माणूस पडलं तरी रक्त दिलं, म्हटल्यावर त्यांना मागं जाता येईना. हात पुढं करून ते भिंतीकडं बघत बसले.

माझ्या रिपोर्टात मी वाहक नाही एवढं कळलं. अंगात लोह मात्र इतकं कमी निघालं, की मॅडमनी मला तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या आणि "तुला पगार देते तो खातेस काय?" असं विचारलं. सुभेदार वाहक निघाले.

ही बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि रिपोर्टवरचं वय तपासलं. ते बरोबर होतं. "यंत्राची चूक होत आसंल की," ते म्हणाले. मी म्हणाले, दोनदा लावून बघितलंय. सासूबाईंनी फक्त जाता-येता बटण दाबून दिवा लावला, दुपारी बारा वाजता.

"पर मग सुनेला कुटनं आलं?" सुभेदारांना एकदम आधार सापडला. "तिच्या माहेरचंच नव्हं? म्हंजी निम्मं वाईचं आलंच की."

तेव्हा मला ते पटलं.

दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. समोर माझी वंशावळ होती आणि शेजारी जीनचे दोन रिपोर्ट, नवऱ्याचा आणि बायकोचा. "बघ," त्या म्हणाल्या, "दोघांत एकाच जागी एकच चूक आहे, आणि ती आपल्याकडं फारशी सापडत नाही. आजूबाजूची लांबलचक अक्षरंसुद्धा जुळतात. हे दोघं परके नाहीत. तू 'नाही' वर खूण केलीयस."

"मी विचारलं होतं, मॅडम."

"मग परत विचार."

मी एसटीनं परत गेले. सून दारात मेथी निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "तू सुभेदारांना मामा का म्हणतेस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता कांदा हिच्याच हातात येतो. "मामाच हायत माजे," ती म्हणाली. "माज्या आईचे सख्खे भाऊ."

"आणि आत्या?"

"आत्याच हायत. माज्या बाबांची सख्खी बहीन."

साटंलोटं होतं. सुभेदारांनी वाईची मुलगी केली आणि त्याच मांडवात तिच्या भावाला आपली बहीण दिली. त्या बहिणीची मुलगी पुढं सून करून घरी आणली. मी कागद काढला, सुनेच्या आईचं गोल खोडलं आणि सुभेदारांच्या शेजारी त्यांच्या बहिणीच्या जागी नेलं. तिथून रेघ खाली आणली. मुलाची रेघ सुभेदारांमार्फत आणि सुनेची त्यांच्या बहिणीमार्फत, दोन्ही रेघा फिरून एकाच घरात, सुभेदारांच्या आई-वडिलांपाशी गेल्या. बिघडलेल्या जीनची एकही रेघ वाईच्या माणसांकडं जात नव्हती.

सुभेदार माझ्या खांद्यावरून बघत होते. नकाशा वाचायला त्यांना शिकवावं लागलं नाही.

"म्हंजी दोन्हीकडनं आमीच," ते म्हणाले.

"हो. तुमच्या बहिणीच्या रक्ताची खात्री करून घ्यावी लागेल, पण तसंच दिसतंय."

ते खुर्चीत बसले. नंतर बोलले ते सुनेशी. "पोरी, मी लय बोललो."

"मला कुटं बोलला, मामा," ती म्हणाली. "तुमी आत्याला बोलला."

सुभेदार स्वयंपाकघराकडं वळले, पण दारापर्यंत जाऊन तिथंच थांबले. आतून सासूबाई म्हणाल्या, "चा ठिवलाय. बसा."

पुण्याला ते चौघं गेले. मुलगा रजा काढून आला होता. निकालाचा फोन मला आधी आला, कारण नंबर प्रयोगशाळेचा दिला होता. बाळ वाहक होतं, आई-बापासारखंच. आजार नव्हता. मी सुनेला फोन लावला आणि तेवढं सांगितलं. पलीकडं मिक्सर चालू होता. मग तो बंद झाला आणि ती रडायला लागली. फोन सुभेदारांनी घेतला. "काय झालं? वाईट हाय का?" चांगलं आहे, असं मी तीनदा सांगितलं. मग मीच नाक ओढलं आणि त्यांना परत शंका आली.

मुलगी झाली. काळीभोर, खणखणीत रडणारी. तिच्या बारशाला मी गेले होते. त्या दिवशी सुभेदार पेपरातलं कात्रण घेऊन आले, जीनची दुरुस्ती निघालीय म्हणून. मी सांगितलं, खरं आहे, पण मोजक्याच ठिकाणी होते, फार जड उपचार आहे, आणि तो आजारी माणसासाठी. "आपल्याला काय आजार हाय?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. "मग आपल्याला करायचं काय हाय?" मी म्हणाले, लग्न ठरवायच्या आधी तपासणी. एवढंच.

एवढंच मी बोलायला नको होतं. पुढच्याच सोमवारी सकाळी प्रयोगशाळेसमोर एक टेम्पो उभा राहिला. सुभेदारांनी सगळी भावकी आणली होती, लग्नाची पोरं-पोरी पुढं, बाकीचे मागं, उंचीप्रमाणं रांगेत. वाईहून बहीणही आली होती. तिचं रक्त काढताना ते शेजारी उभे राहून तिला म्हणत होते, "आक्के, भिऊ नगंस, मी दिलंय." दुपारी दोनला आमच्या नळ्या संपल्या. राहिलेल्या सहा जणांना मी उद्या या म्हणाले. सुभेदारांनी मिरजेत कुठं नळ्या मिळतात याची चौकशी केली आणि टेम्पो घेऊन निघाले.