पाटीपुरती जागा

माझ्या बाबांना सगळा रस्ता ‘पेंटर’ म्हणतो. खरं तर ब्रश त्यांनी सोळा वर्षांपूर्वीच बाजूला ठेवला. आता ते दुकानांच्या पाट्या कॉम्प्युटरवर काढतात आणि छापखान्यात पाठवतात. सवयी मात्र जशाच्या तशा. अंगात रंगाचे डाग पडलेला शर्ट, कानावर पेन्सिल, आणि पाटी वीस फुटी असली की कॉम्प्युटरमध्येही वीसच फुटी. “लहान काढा हो, छापताना मोठी होते,” असं सांगून सांगून छापखानेवाला थकला. बाबांचं उत्तर ठरलेलं, “ताणलेलं अक्षर मला लांबूनच ओळखू येतं.” त्यात रंगाचा प्रत्येक हात वेगळ्या थरावर. चुकलं तर तेवढंच पुसता यावं म्हणून.

असे हे बाबा माझ्या दुकानाची पाटी मात्र चार महिने करून देत नव्हते.

विमा कंपनीतली नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान काढतेय, हे मी सांगितलं त्या दिवशी आईने कपाळाला हात लावला आणि रीतसर भांडली. बाबा फक्त “हं” म्हणाले. तेव्हापासून पाटीचा विषय काढला की एकच पालुपद, “कॉम्प्युटरमध्ये जागा नाही.” नवी डिस्क आणते म्हटलं तर “बघू.” दुकान रविवारी उघडायचं होतं, छापखाना शुक्रवारी पाचला बंद होणार होता, आणि शुक्रवार उजाडला तरी बाबांचं बघणं संपलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं, रागही येत होता. नोकरी सोडलेली त्यांना पटलेली नाही, तोंडाने सांगवत नाही, म्हणून बिचाऱ्या कॉम्प्युटरवर ढकलतायत, अशी माझी खात्री झाली होती.

दुपारी दोनला मी सरळ त्यांच्या खोलीत घुसले.

“उठा बाबा. एवढी जागा कोण खातंय ते बघूनच टाकू.”

“व्हायरस असेल,” बाबा खुर्ची न सोडता म्हणाले.

“तुमच्या भाचीचे गेम असतील,” आई दारातून म्हणाली. “सुट्टीभर इथेच पडीक होती.”

“आणि तुझी गाणी? ती काय हवेत राहतात?”

मी दुसरी खुर्ची ओढून बसले. डिस्कची लाल पट्टी काठोकाठ भरलेली होती. आधी कचरापेटी रिकामी केली, चिमूटभर जागा झाली. भाचीचे गेम निघाले दोन. आईची गाणी निघाली तीनशे, पण सगळी मिळून एका पाटीच्या पासंगालाही पुरत नव्हती. आईने बाबांकडे असं काही पाहिलं, की ते पेन्सिलीला टोक काढायला लागले. मग मी फोल्डर आकाराप्रमाणे लावले. ‘सलूनवाला’, ‘चष्मेवाला’, ‘शिंपी’ तळाशी गेले, कारण छापून झालेल्या पाटीचे थर एकत्र करून बाबा ती आवळून ठेवतात. सगळ्यात वर एकच फोल्डर आला, ‘धाकटी’. घरात धाकटी म्हणजे मी. एकशे ऐंशी जीबी!

“बाबा, हे काय?”

“काही नाही. किरकोळ,” बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी फोल्डर उघडला. चौदाव्या वर्षी मला वैमानिक व्हायचं होतं. तर ‘धाकटी विमानसेवा’, निळ्या आभाळावर पांढरी अक्षरं, वीस फूट बाय चार. पुढच्या वर्षीची ‘धाकटीची बेकरी’, अक्षराअक्षरावर साखर भुरभुरलेली. मग प्राण्यांचा दवाखाना, त्यात मांजराच्या एकेका मिशीला वेगळा थर. मग नृत्यवर्ग. मी स्वतःही विसरले होते असा छत्र्यांचा कारखाना. अशा अकरा पाट्या. विमा कंपनीची तेवढी नव्हती.

“कधी दाखवल्या का नाहीत?”

“कधी दाखवणार? पाटी पुरी व्हायची आणि तुझं मन बदललेलं असायचं. अकराच्या अकरा वेळा.”

बारावी होती ‘धाकटी सायकल दुरुस्ती’. तारीख मी राजीनामा दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं, कडेला चाक, चाकाच्या तारा मोजून छत्तीस. फक्त शेवटच्या अक्षरात रंग नव्हता, नुसती कड होती.

“पाटी तर झालीय की!”

“झाली नाही. रंग राहिलाय.”

“एका अक्षराचा? पाच मिनिटांचं काम आहे, बाबा.”

“म्हणून तर,” बाबा म्हणाले. “नोकरीत होतीस तेव्हा जेवताना एक शब्द बोलायची नाहीस. आता घास गिळायच्या आधी सायकली सुरू होतात. म्हटलं, राहू दे अर्धवट. पुरी केली आणि पुन्हा बदललं तुझं मन, तर?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांच्यावर चार महिने धुमसत होते, त्याची लाज वाटली. मी माऊस घेतला आणि त्या अक्षरात पिवळा रंग भरला. सेव्ह करायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

“बघ,” बाबा म्हणाले. “मी खोटं बोलत नव्हतो.”

मी फोल्डरमधल्या पहिल्या अकरा पाट्या निवडल्या. “या काढून टाकते.”

“अगं, लागतील.”

“नाही लागणार.”

“नक्की?” बाबा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

“नक्की.”

“मग आण इकडे, मी काढतो.” त्यांनी एकेक पाटी उघडली, डोळे भरून पाहिली आणि काढून टाकली. बेकरीपाशी जरा रेंगाळले. मग सायकलच्या पाटीतला मी भरलेला रंग पुसून स्वतःच्या हाताने पुन्हा भरला, कारण माझा म्हणे कडेबाहेर गेला होता. पावणेपाचला पाटी छापखान्यात पोचली.

बाबा मागे रेलून बसले आणि बराच वेळ माझं तोंड निरखत राहिले.

“बदललं?”

“नाही, बाबा.”

“थांब. अजून पाच मिनिटं बघू.”