मळं, मळि, मळे

मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी आई निरोपाचं काहीच बोलली नाही. फडक्यात बांधलेल्या भाकरी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि गज धरून उभी राहिली. बोलत होते ते अण्णा. आपले अण्णा पडले शिंपी, कापड बेतावं तसं बोलणंही बेतून करायचे. म्हणाले, "तितं हाय-न्हाय करू नगंस. मास्तरीण हायस तू आता. शुद्ध बोलायचं." मी मान डोलावली. गाडीनं धूर सोडला तेव्हा कुठं आईनं तोंड उघडलं.

"न्हाईच जमलं तर ये की माघारी. घर कुटं पळून चाललंय?"

सुमे, तू तेव्हा अण्णांचं बोट धरून उभी होतीस आणि गाडीतल्या मला सोडून कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीकडं बघत होतीस. लिहायचं कारण तुझी धाकटी. परवा तिनं अमेरिकेहून फोन केला आणि विचारलं, "मावशी, पाऊस आला की आपण 'मळे आले' का म्हणतो?" तिचा नवरा नागपूरचा. तो म्हणे हसला, हे कुठलं मराठी म्हणाला. मी म्हटलं, ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, लिहून पाठवते. तेव्हा हे तिच्यासाठी आहे, आणि गाव न सोडलेल्या तुझ्यासाठीही. तुझ्या डोळ्यांदेखत घडलं खरं, पण निम्मंच.

बहात्तर साल होतं. आषाढ लागला तरी आभाळ धुतल्यासारखं कोरडं. आपली मंगळवेढ्याची काळी रानं, ज्वारीनं हिरवीगार व्हायची ती, पाय जाईल एवढाल्या भेगा पडून उघडी पडली होती. अशा वर्षी नवा सदरा शिवतंय कोण? अण्णांचं मशीन झाकूनच असायचं. आणि अशात मला, कोल्हापुरात मराठी शिकून आलेल्या पोरीला, सोलापूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात नोकरी लागली. विषय काय, तर 'साहित्य आणि संस्कृती'. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, चित्रं काढणाऱ्या पोरांना साहित्य कशाला गं? ती तर मुकाट्यानं काढायची असतात. खरं सांगते, तो प्रश्न मलाही पडला होता.

साखर पेठेत खोली मिळाली. खाली माग, वर मी. पहिले काही दिवस मला वाटायचं घर हलतंय, आणि ते हलतच असायचं. घरमालकीण पोरांवर तेलुगूत ओरडायची, माझ्याशी मराठीत बोलायची आणि दारावर येणाऱ्या भाजीवाल्याशी दखनीत हुज्जत घालायची, एका दमात, मधे पाणीसुद्धा न पिता. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. एका ओट्यावर एवढ्या भाषा मावतात याचंच मला नवल वाटायचं. मिलचा भोंगा झाला की गल्ली उठायची, भोंगा झाला की जेवायची.

आणि कॉलेज! सुमे, मी जन्मात चित्र म्हणून पाहिलं होतं ते आईची रांगोळी आणि दुकानांतली कॅलेंडरं. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर टर्पेन्टाइनचा वास नाकात गेला आणि मधोमध स्टुलावर एक तांब्या, दोन वांगी आणि चुरगळलेली सोलापुरी चादर. भोवती पोरं-पोरी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली. मी एकीच्या मागं जाऊन उभी राहिले. कागदावर चादरीची घडी उमटत होती आणि त्या घडीच्या आत सावली, सावलीत अजून एक फिकी सावली. मी मूळ चादरीकडं बघितलं तर ती सावली तिथं होतीच, मलाच आजवर दिसली नव्हती. एवढी वर्षं डोळे घेऊन मी काय करत होते कुणास ठाऊक. त्या दिवशी मी शिकवायला आले होते हे विसरूनच गेले.

पण माझा तास असायचा जेवणानंतर. बोटांना रंग लागलेली ही जादूगार मंडळी माझ्या वर्गात येऊन पेंगायची. काही तर यायचीच नाहीत. चूक त्यांची नव्हती. निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी, आणि पुढं मी, अण्णांनी शिवलेला गळाबंद पांढरा झंपर घालून, रेडिओवरच्या बातम्यांसारखं मराठी बोलणारी. 'तथापि' म्हणायची मी, 'किंबहुना' म्हणायची. जिभेला रोज सकाळी घासूनपुसून न्यायची. कधी चुकून 'व्हय' बाहेर पडेल या धाकानं तोंड दुखायचं.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण ब्रशपलीकडं जग नाही असं मानणारा. म्हणाले, बाई, हा तास आपण प्रयोग म्हणून ठेवला होता. वर्षअखेरीला संस्थेचे अध्यक्ष येतील, त्यांना पटलं तर राहील, नाहीतर तो वेळ स्केचिंगला देऊ. तास गेला की मी गेले, हे सांगायची गरज नव्हती. इकडं ज्वारी पेरलीच गेली नव्हती. आई आणि अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. शिंप्याचे हात खडीवर! घरची चूल माझ्या नोकरीवर पेटत होती, आणि माझी नोकरी पेंगणाऱ्या वर्गावर. 'ये की माघारी' हे आईचं बोलणं मला आधी धीर द्यायचं, आता त्याचीच भीती वाटायला लागली.

शेवटी मी ठरवलं, या पोरांना शब्द नको असतील तर त्यांनी चित्र काढावं. फळ्यावर एक ओवी लिहिली. आईची. जात्यावर ती स्वतःच रचायची, तुला माहीतच आहे. तिचं माहेर भीमेकाठचं, विहिरी-मोटांच्या मळ्यांचं, आणि दिली आपल्या कोरडवाहू गावात. ती म्हणायची:

म्हायेराचं मळं माज्या येत्यात सपनात
भिजतोय पदर कोरड्या गं शिवारात

आता हे असं लिहिते काय मी फळ्यावर? मी मास्तरीण ना! म्हणून 'म्हायेराचं मळं' पुसून 'माहेराचे मळे' केलं, 'येत्यात'चं 'येती' केलं, खाली 'लोकगीत' असं लिहिलं आणि सांगितलं, यावर चित्र काढून आणा. भिजलेला पदर म्हणजे डोळ्यांतलं पाणी, असा अर्थही सांगून टाकला, परीक्षेत लिहितात तसा.

आठवड्यानं चित्रं आली. बहुतेकांनी हिरवीगार शेतं काढली होती, मोट, बैलजोडी, नारळाची झाडंसुद्धा. आणि एक चित्र महादेवीचं. ही अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातली पोर, लिंगायताच्या घरची, माझ्या तासाला कोपऱ्यात बसायची आणि वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती. तिच्या कागदावर भेगाळलेलं काळं रान होतं, अगदी आपलं. मधे एक बाई पाठमोरी. आणि वरून पाऊस. पण साऱ्या रानावर नाही. फक्त त्या बाईवर, तिच्या खांद्यापासून पदराच्या टोकापर्यंत. बाकी कागदभर ऊन. तो ओला पदर तिनं असा रंगवला होता की मी नकळत हात लावून पाहिला.

पोरं हसायला लागली. मळे कुठायत, मळे? मीही विचारलं, माझ्या रेडिओच्या आवाजात, की आपण यात मळे का दाखवले नाहीत? महादेवी उठली. तिला कळेना मी काय विचारतेय. तिनं बोट पावसाच्या रेघांवर ठेवलं.

"हे काय, मळे. तुमीच सांगितला की, म्याडम. पाऊस न्हाय तर पदर कसा भिजतोय?"

कन्नडात मळे म्हणजे पाऊस. घरी ती 'मळि' म्हणायची, तिकडं बोलण्यात तसंच म्हणतात. गावच्या कन्नड शाळेत मास्तरांनी 'मळि' नव्हे, 'मळे' म्हणायचं असं दरडावून सुधारलं होतं. इकडं मी आईचं 'मळं' सुधारून 'मळे' केलेलं. दोघी आपापली जीभ घासूनपुसून शहरात आलो होतो, आणि आमचे दोन शुद्ध शब्द एकाच फळ्यावर एकमेकांवर बसले होते. मी आईचा शब्द होता तसा ठेवला असता तर हे चित्र जन्मालाच आलं नसतं. आणि ओवी पुन्हा वाचली तर काय! माहेरचा पाऊस स्वप्नात येतो आणि कोरड्या रानात पदर भिजतो. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याहून हा अर्थ कितीतरी मोठा. सुमे, आईनं हे म्हटलं नव्हतं, महादेवीनं ते ऐकलं होतं, आणि दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "लई भारी काढलंयस गं पोरी."

माझं गावचं बोलणं ऐकून सगळे हसले, आणि मीही. त्यानंतर कुणी पेंगलं नाही. मागावरच्या तेलुगू घरातला एक जण म्हणाला, आमच्यात पावसाला वान म्हणतात. मग दखनीवाले उठले. घंटा झाली तरी पोरं आपापल्या घरचे शब्द आणून टेबलावर टाकतच होती.

अध्यक्ष आले तेव्हा चित्रं भिंतीवर टाचली होती आणि वर ती ओवी. आदल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, तेवढं एक काढून ठेवा, पोरीचा गैरसमज झालाय, लोक हसतील. मला राग कसा आवरतो ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, काढायचं तर सगळी काढू, आणि मी उद्याच गावाला जाते. म्हणून तर बसले, मग रात्रभर आईच्या हातांचे फोड डोळ्यांपुढं.

अध्यक्ष म्हणजे कापडाचे जुने व्यापारी, वयस्कर, थकलेले. हिरव्या शेतांवरून नजर फिरवत पुढं निघाले होते. महादेवीच्या चित्रापाशी थांबले. वरची ओवी वाचली, पुन्हा चित्र बघितलं. प्राचार्य समजावायला पुढं झाले, त्यांना हातानंच थोपवलं. आणि स्वतःशीच बोलावं तसे घरच्या भाषेत म्हणाले,

"मळि बंतु."

पाऊस आला. त्या वर्षी, त्या उन्हात, हे दोन शब्द ऐकून वर्गातल्या कन्नड पोरांनी खिडकीबाहेर बघितलं. मीसुद्धा बघितलं, खोटं कशाला सांगू. अध्यक्षांनी महादेवीला तिचं गाव विचारलं, तिकडं प्यायला पाणी आहे का विचारलं. जाताना दारात प्राचार्यांना एवढंच म्हणाले, की हा तास राहू द्या. तास राहिला. मी राहिले.

उन्हाळ्यात मी घरी आले ते हे चित्र गुंडाळून घेऊन, महादेवीनंच दिलं होतं. इथपासून पुढचं तुझ्यासमोरचं. आई खडीवरून आली होती, बोटं सुजलेली. मी चित्र भिंतीला धरलं आणि सगळं सांगितलं, तिची ओवी, माझं मळे, त्या पोरीचा पाऊस. आईनं जवळ जाऊन त्या पाठमोऱ्या बाईच्या पदरावरून हात फिरवला, जसा मी फिरवला होता तसाच.

"म्हंजी तिच्यात माज्या मळ्याला पाऊस म्हंत्यात?"

"व्हय."

"बरं म्हंत्यात की," आई म्हणाली, आणि भाकरी करायला बसली.

सकाळी जात्याच्या आवाजानं मला जाग आली. रेशनवरचा तो लाल मिलो जोंधळा दळत होती, ज्याच्या भाकरीला आपण नाकं मुरडायचो. आणि ओवी म्हणत होती. म्हायेराचं मळे माज्या येत्यात सपनात. बाकी सगळं तिचंच, पण मळं नव्हे, मळे. चाळीशी ओलांडलेल्या माझ्या निरक्षर आईनं, जन्मात न पाहिलेल्या एका पोरीसाठी, आपल्या ओवीतला शब्द बदलला होता. मी अंथरुणात पडून ऐकत राहिले. एवढी मोठी दाद मी पुढं कुणाला मिळालेली पाहिली नाही.

मग पाऊस आला त्या दुपारी परसातून तीच ओरडली, "शके, सुमे, वाकळा आत घ्या, मळे आले!" तेव्हापासून आपल्या घरात पाऊस येत नाही, मळे येतात.

मी सोलापूरचीच झाले. त्याच कॉलेजातून निवृत्त झाले, तोच तास शिकवत. मंगळवेढ्याला आले की मला पाहुणी म्हणून चहा मिळतो, आणि इथं अजून मी मंगळवेढ्याच्या बाई. चित्र माझ्या खोलीत आहे, उन्हाचा पिवळा उडालाय, पदर अजून ओला दिसतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

तर पोरी, नवऱ्याला सांग, हे मराठी नागपुरात मिळायचं नाही, पुण्यातही नाही. ते तुझ्या आजीनं आणि अक्कलकोटकडच्या एका मुलीनं मिळून केलंय. तू म्हणालीस, तिकडं आठवडाभर झड लागलीय, खिडकीशी उभी राहून एकटीच 'मळे आले' म्हणते, आणि कुणाला काही कळत नाही. मला कळतं की. तुझ्या आईला कळतं. फोन करून सांगत जा. घर कुटं पळून चाललंय?