आईच्या खोलीचं माप

सॉल्ट लेकमधलं आमचं भाड्याचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. त्या मे महिन्यात आईच्या खोलीच्या भिंतीला दुपारी हात लावला तर चटका बसायचा. आईला दमा आहे. एका आठवड्यात तिला दोनदा धाप लागली आणि दुसऱ्या वेळी तिचे ओठ निळसर झालेले मी पाहिले. डॉक्टर म्हणाले, खोली थंड आणि कोरडी ठेवा. त्यातलं 'थंड' तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

बाबा दिवसभर बँकेत, त्यामुळे एसी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दुकानदार फोनवर म्हणाला, माप घ्यायला माणूस पाठवतो. मी नको म्हटलं. अनोळखी माणूस घरात येणार, त्याच्याशी इथल्या भाषेत बोलावं लागणार, आणि माझं बंगाली तीन वाक्यांत संपतं. मीच मोजून सांगते, म्हटलं.

आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. दहा बाय अकरा. लिहिताना वाटलं, कमी पडला तर? बारा बाय तेरा लिहिलं. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "वर गच्ची तापते गं. थोडं वाढवूनच सांग." दुकानात मी चौदा बाय पंधरा सांगितलं. वरचा मजला म्हटल्यावर दुकानदाराने स्वतःचं आणखी थोडं घातलं. घरी दोन टनांचा एसी आला.

पाच मिनिटांत खोली गार व्हायची आणि मशीन थांबायचं. पहिल्या दिवशी आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. मग आईची चादर दमट लागायला लागली. दहा-बारा दिवसांनी कपाटामागे भिंतीवर काळे ठिपके दिसले. आईचा खोकला वाढला. मला वाटलं, गारवा कमी पडतोय. मी आकडा अठरावर आणला. मशीन आणखी गार करून पुन्हा थांबायचं, आणि त्या शांततेत तिच्या छातीतली शिट्टी मला दाराबाहेरून ऐकू यायची. मी तिथेच उभी राहायची. आत जायचा धीर व्हायचा नाही.

शेवटी मीच दुकानात फोन करून माणूस बोलावला. वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी खोलीत नजर फिरवली, खिशातून लोखंडी टेप काढून एकदाच मोजलं आणि हातातल्या बिलावर लिहिलेल्या मापाकडे पाहिलं.

"ये नाप किसने लिया?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आई म्हणाली, "मैंने. मेरी नजर कमजोर है."

तिला चष्मासुद्धा नाही.

"नहीं, मैंने लिया," मी म्हटलं. "बढ़ा के बताया. डर लग रहा था."

मिस्त्री हसले नाहीत. "डर से सब लोग बड़ा लेता है, मा." इथले वयस्कर लोक मुलींना अशीच हाक मारतात. मग त्यांनी सावकाश समजावलं. मोठं मशीन हवा लगेच गार करतं आणि थांबतं. हवेतली ओल ओढायला त्याला वेळच मिळत नाही. इथल्या दमट हवेत ती ओल खोलीतच राहते. या खोलीला एक टन पुरे.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझा चेहरा पाहिलास का?" ती म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

थोडी कुरकुर करून दुकानदाराने मशीन बदलून दिलं. भिंत पुसून घेतली. नवीन एसी पहिल्या दुपारी सुरू झाला तो थांबलाच नाही, बारीक आवाज करत राहिला. गॅलरीत त्याच्या नळीखाली मी बादली ठेवली होती. पाणी थेंब थेंब पडत होतं. चार वाजेपर्यंत बादली अर्धी भरली.

आई आत झोपली होती. मी बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. इतके दिवस हे सगळं तिच्या श्वासात जात होतं. बादली मोरीत ओतली, परत नळीखाली ठेवली आणि आत जाऊन तिच्या पलंगाजवळ बसले. शिट्टी अजून होती, पण बारीक. ती वाढते की कमी होते, ते मी ऐकत राहिले.