वेढे मोजणारा

संग्रामपूरच्या बाजारात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधून देणारा एक कारागीर आहे. तांब्याच्या तारेचे वेढे घेताना तो ओठांत आकडे मोजतो आणि मध्येच कोणी बोलले तर नुसते एक बोट वर करतो. शेजारचा चहावाला म्हणतो, "दुकानाले आग लागली तरी हा आधी वेढे पुरे करन." मलाही मोजायची सवय आहे. समोर बसलो की मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजतो. त्याचा आकडा चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

पूर्वी दुकानाबाहेर मोटारींची रांग असे, प्रत्येकीवर खडूने मालकाचे नाव. समोरच्या डिझेल इंजिनवाल्या मिस्त्रीला तो चिडवायचा, "तुहे दिवस गेले बे, आता माहे." अलीकडे गावोगावी सौर पंप लागले. मागच्या आठवड्यात माझ्याही विहिरीवर लागला. माझी जळालेली मोटार त्याच्याकडेच होती आणि ती आता नको, हे सांगणे मी तीन दिवस टाळले.

शेवटी गेलो, तर तो माझीच मोटार बांधत होता. मला राहवेना. वेढे चालू असतानाच सांगून टाकले. बोट वर झाले नाही, हात मात्र थांबला.

"कितीवर होतो मी, भाऊ?"

"त्रेचाळीस."

"बरोबर असन. पन मले याद नाही राह्यलं."

त्याने सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. दुकानात दुसरी मोटार नव्हती.