सोआझिगमावशी आणि बुडत्या होडीचं चित्र

फ्रान्सच्या पश्चिमेला, आमच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सोआझिग केर्मारेक शेवाळ गोळा करायची. नवरा समुद्राने नेलेला, मूलबाळ नाही. सोबतीला गाडीचा तांबडा घोडा, रुझ. ओहोटी लागली की दोघं पाण्यात शिरायची आणि भरतीबरोबर एकमेकांवर चिडत बाहेर यायची.

त्या नोव्हेंबरात भरसकाळी आमची होडी खडकावर फुटली. आम्ही चौघं मोडक्या डोलकाठीला लटकून होतो. किनारा समोर दिसत होता, पण तसल्या लाटांत होडी घालणार कोण? गावचे पुरुष वाळूत गुडघे टेकून प्रार्थना करत होते. मावशीने रुझला गाडीतून सोडलं, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक त्यांच्या अंगावर फेकलं.

"प्रार्थना तोंडाने होते ना? मग हात रिकामे कशाला? धरा दोर!"

घोड्यावर बसून तिने दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला मी होतो. घोड्याचं शेपूट धरून मी किनाऱ्याला लागलो, हे सांगायची मला अजिबात लाज नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पॅरिसहून एक चित्रकार आला. आमची हकीकत ऐकून त्याने भिंतीएवढं चित्र काढलं. काळं आभाळ, डोंगरासारखी लाट, आकाशाकडे हात पसरलेले आम्ही.

मावशी चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. "झकास आहे. पण किनारा कुठाय?"

"बाई, किनारा दाखवला तर बघणाऱ्याला भीती कशी वाटेल?"

"भीती यांनाही वाटलीच की. पण ही माणसं घरी जाऊन जेवली, साहेब. ते कोण सांगणार?"

मोठं चित्र पॅरिसला गेलं. स्वतः जाण्याआधी चित्रकाराने एका फळीवर घोडा, मावशी आणि दोर ओढणारा गाव रंगवला आणि ती फळी आमच्या चर्चमध्ये लावली. मावशीने त्यातही खोट काढलीच, "रुझ एवढा देखणा कधी होता?"

आम्ही चौघं दर रविवारी तिच्या दारात जातो. कुणी मासळी नेतो, कुणी लोणी. ती करवादते, "माझे कसले आभार? रुझ मागे फिरला असता तर मीही फिरले असते." मग रुझलाही मूठभर ओट मिळतात.

त्या दिवसानंतर मला दोन मुली झाल्या. थोरलीचं नाव सोआझिग. धाकटीचंही तेच ठेवणार होतो, बायकोने अडवलं.