लांबी फार आहे

१७ नोव्हेंबरला माझ्या थोरल्या साडूने परदेशातून मागवलेल्या जुन्या गाडीचे, बोटभाडे आणि जकात धरून, अकरा लाख बेचाळीस हजार सहाशे भरले. निवृत्तीनंतर हाती आलेली बहुतेक रक्कम त्यात गेली. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, गर्द हिरवी. साडूने घरामागच्या शेडचा कारखाना केला होता. तिथे ती उभी राहिली तेव्हा इतकी चकचकीत होती, की तिच्या दारात मी माझे टक्कल नीट पाहून घेतले.

"थोडा हात फिरवायचा आणि दीडपटीने विकायची," साडू म्हणाला. तो हात फिरवायला त्याने चुंबक मिस्त्रीला बोलावले.

चुंबक मिस्त्री म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर. वय साठीच्या अलीकडे. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने डावा कान ठार बहिरा, उजव्या अंगठ्याचे नख मधोमध चिरलेले, खिशात दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक. भाड्याचे गॅरेज मालकाने काढून घेतल्यापासून दोन महिने त्याला काम नव्हते, आणि ते तो लपवतही नव्हता.

त्याने चुंबक दारावर लावले, ते चिकटले. दाराखालच्या पट्टीला लावले, घसरून पडले. मागच्या चाकाच्या कमानीवरही पडले. त्याने तोंड वाकडे केले.

"साहेब, लांबी फार आहे."

"चार मीटर वीस," मी म्हणालो. "शेडमध्ये मावते. मी टेपने मोजलीय."

तो हसता हसता खोकायला लागला. "ती लांबी नाही हो. ही!" म्हणून त्याने पटाशी मारून पट्टीचा हातभर तुकडा पाडला. वर हिरवा रंग, खाली बोटभर जाड लांबी. पत्र्यातले खड्डे बुजवायचा तो लगदा. त्यामागे पत्राच नव्हता. जाळी होती, जाळीमागे परक्या भाषेतल्या वर्तमानपत्राचे बोळे, आणि बोळ्यांत उंदरांचे घर. पाच-सहा वाळलेली पिल्ले, काहीतरी काळे, चिकट. वास असा की मी त्या दिवशी जेवलो नाही.

"समुद्र ओलांडून उंदीर मागवलेत," मिस्त्री म्हणाला. "जकात भरली ना त्यांची?" मग बाजूला जाऊन थुंकला. "उंदीर बिचारे जागा मिळाली म्हणून राहिले. हे ज्यानं केलं, त्याचं थोबाड बघायला पाहिजे."

साडूचा चेहरा उतरला होता. "रविवारी एक डॉक्टर गाडी बघायला येतोय. परत भर आणि रंग मार. दुप्पट मजुरी देतो."

"पत्रा कापून नवा घालतो. महिना लागेल. मजुरी एकपटच द्या."

"महिनाभर गिऱ्हाईक थांबतंय होय? आणि आत कोण बघणार आहे, मिस्त्री?"

"मी बघितलंय की."

हत्यारे पुसता पुसता त्याने सांगितले. पूर्वी मालक भर म्हणाला की तोही भरायचा. पुढे पैसे साठवून त्याने स्वतःसाठी एक जुनी व्हॅन घेतली. वर्षभरात तिचा तळ गळून पडला. आतल्या लांबीत अंगठ्याचा ठसा होता, नखाची चीर मधोमध. "माझाच! स्वतःचीच घाण रोख मोजून घरी आणली, साहेब. बायको अजून हसते. तेव्हापासून हे चुंबक."

साडू माझ्याकडे वळला. "अरे, तू सांग याला. हिशेबातला माणूस तू."

मी मिस्त्रीच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "दोन महिने काम नाही तुम्हाला. दुप्पट मिळतायत."

त्याने मान वळवून पाहिले. "बहिऱ्या कानात बोललात," म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला.

लांबी साडूने भरली. बोळे मी करून दिले, आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे. पिल्ले काढायला चिमटा होता, तरी एक हाताला लागलेच. शनिवारी रंग वाळला. रविवारी डॉक्टर आला, गाडीच्या दारात स्वतःचा चेहरा बघून खूश झाला. मला विचारले, "आपण काय करता?"

"हिशेब तपासतो. ऑडिट."

"मग प्रश्नच नाही," म्हणून त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. माझ्या हाताला साबणाने तीनदा धुऊनही लांबीचा वास येत होता.

चौदा लाखांना गाडी गेली. काम अर्धवट टाकून गेलेल्याला काही द्यायचे नाही, असे साडूचे म्हणणे. मी माझ्या खिशातून अर्ध्या दिवसाची मजुरी पाकिटात घालून मिस्त्रीच्या घरी गेलो. तो पायरीवर बसून शेजाऱ्याची पोचे गेलेली बादली ठोकत होता.

"गाडी गेली?"

"गेली."

"पत्रा घालून?"

मी पाकीट पुढे केले. त्याने चिरलेल्या नखाचा अंगठा टेकवून ते परत माझ्याकडे सरकवले आणि हात पायजम्याला पुसला. मग पुन्हा बादली ठोकू लागला.

अर्ध्या दिवसाचे साडेतीनशे. मिस्त्रीला देणे बाकी.