मान उजवीकडे

मोठेबाबांची बोटं कधी स्थिर नसत. ओसरीवर एकटे बसले, तरी समोर न दिसणारं कुणी बसलंय आणि त्याच्या हातातून हे एकेक काहीतरी काढून घेताहेत, असं वाटे. झोपले की मात्र सगळं थांबे. भर दुपारी तो निश्चल हात बघून मला उलट जास्त भीती वाटायची.

माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. आमच्या आंधळगावात त्यांच्या अंगात देव आहे असं सगळे मानत. आधी आजोबांची मान अशी आपोआप झुले. ते गेले आणि थोड्याच वर्षांत यांचीही झुलू लागली, वयही तेच, चाळिशीचं. "बुढ्याचा देव पोरात आला," लोक म्हणाले, आणि दर मंगळवारी अंगण भरू लागलं. पायाशी तांदूळ ठेवायचे, प्रश्न विचारायचा आणि बघत राहायचं. मान उजवीकडे गेली तर होकार, डावीकडे गेली तर नकार. हरवलेली गाय, विहिरीची जागा, सगळं त्या मानेवर ठरे.

ते स्वतः हे थट्टेवारी न्यायचे. चहा धोतरावर सांडला की म्हणत, "अर्धा देवाचा, अर्धा माहा. देवालेबी साखर लागते ना!" पण एकदा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, मी नाही हालवत रे. मले कोनी हालवून राह्यलं."

चालताना तोल जाऊ लागला तेव्हा मी त्यांना नागपूरला नेलं. घरात शिकलेला मी एकटाच, मास्तर. रक्ताच्या तपासणीचा अहवाल आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा मेंदूचा आजार. आई किंवा बाप, ज्याला असेल त्याच्याकडून मुलांत उतरतो. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, आणि बहुतेकांना चाळिशीपर्यंत पत्ताही लागत नाही. "मुलांना सांगा. लग्नाआधी सांगा." मोठेबाबांना मुलगी एकच, मंदा. येताना एसटीत त्यांनी विचारलं, "काय म्हणते डाक्टर?"

मी म्हणालो, "नसांची कमजोरी."

पुढच्याच महिन्यात तुमसरकडच्या पाहुण्यांनी मंदाला पसंत केलं. रिवाजाप्रमाणे व्याह्यांनी देवाला विचारलं, हे लग्न व्हावं का? अंगण भरलेलं. डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात. ज्या आजाराची भीती होती, त्यालाच लोक कौल मागत होते. मोठेबाबांची मान डावीकडे गेली आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती तिथेच धरून ठेवली. डोळे गर्दीत मला शोधत होते. त्यांनी काय ओळखलं होतं, मला अजून कळलेलं नाही. मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा त्यांची मान निसटून उजवीकडे गेली होती. नारळ फुटला.

शेवटी त्यांना घास गिळता येईना. तशातही लोक पाया पडून जात. माझे वडील म्हातारपणी शांत हातांनी गेले, म्हणजे मी सुटलो. सुटलेल्या माणसाला गप्प राहणं फार सोपं असतं.

गेल्या महिन्यात मंदाकडे गेलो. भाजी निवडत होती. बोटं भाजी सोडून हवेत काही शोधू लागली. माझी नजर बघून ती हसली, "भाऊ, आता इथल्या बायाबी मंगळवारी यायले लागल्या."

तेव्हा मी सगळं सांगितलं. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं.

"माह्या लग्नाच्या आधी मालूम होतं तुले?"

"हो."

"अन् तिथंच उभा होता?"

"होतो."

तिनं मला एक शिवीही दिली नाही. आत वळून मुलीला हाक मारली. येत्या रविवारी त्या मुलीला पाहुणे बघायला येणार होते. "ये वं, बस इथं. मामा काही सांगते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोल आता. डाक्टरनं तुले जसं सांगतलं, तसंच."

मुलगी ओले हात ओढणीला पुसत समोर बसली. तिचे हात अगदी स्थिर होते. त्या वयात मंदाचेही होते. मी सांगायला सुरुवात केली.